बंडूच्या नावाची हाजिरी

॥ श्री ॥

नवी वाडी, गिरगाव
२८ एप्रिल १९५७

चि. बंडूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पोचल्याचं कार्ड मिळालं. मोजून चार ओळी! स्टेजवर गिटार गळ्यात अडकवून दोन-दोन तास ओरडायला दम पुरतो आणि सख्ख्या बहिणीसाठी चारच ओळी? पत्त्यातही नुसता नंबर. तू कुठल्या गावी आहेस हे आई रोज विचारते, आणि मी रोज घाटावर आहे एवढंच सांगते.

तुझ्या मागे इथे काय झालं ते ऐक. कॉलेजातल्या दोन मुली वाडीच्या तोंडाशी येऊन ‘मॅनी’, म्हणजे स्टेजवरचा तू, खरंच लष्करात गेला का म्हणून चौकशी करून गेल्या. एकीच्या डोळ्यांत पाणी होतं. अप्पा गॅलरीतून बघत होते. त्या दिवशी संध्याकाळी ते कट्ट्यावर गेले नाहीत. वर्तमानपत्रात तुझा तो कंबर वाकडी केलेला फोटो आल्यापासून तसेही ते कमीच जातात. रॉक अँड रोलच्या कार्यक्रमात पोरांनी नाचून खुर्च्या मोडल्या, त्या तू मोडल्यास असंच त्यांच्या मनाने घेतलंय.

बंडू, कमरेने नाचणाऱ्यापेक्षा पलटणीत गेलेला मुलगा पत्करला, असं अप्पा बोलले हे खरं. नको ते बोलले. पण दुसऱ्याच दिवशी तू खरंच नाव नोंदवून येशील असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. आता दोघेही आपापल्या हट्टावर बसा, आणि मधल्यामधे मी आणि आई! गिटार त्यांनी कपाटात घालून कुलूप लावलंय. किल्ली जानव्याला आहे, म्हणजे मी काही करू शकत नाही.

वाडीत अजून निवडणुकीच्याच गप्पा चालल्या आहेत. संयुक्त महाराष्ट्र झाल्याशिवाय आपली पोरं स्वस्थ बसत नाहीत. तब्येत सांभाळ. माझा लोभ आहेच. तो वाढवायचा की नाही ते पुढच्या पत्राच्या लांबीवरून ठरवीन.

तुझी,
नलूताई

&nbsp;

छावणी
२१ जुलै १९५७

ती. नलूताईस,
सा. न. वि. वि.

लांब पत्र हवं होतं ना, मग घे.

भरतीच्या कचेरीत मी एकच प्रश्न विचारला होता, पलटणीत बँड असतो का. असतो म्हणाले. तेवढ्यावर मी सही केली. हस, मला आता स्वतःचंच हसू येतं. बँड आहे, पण त्यात बिगूल, ढोल आणि ती काखेत धरून फुंकायची पिशवी. गिटार म्हटल्यावर बँडमास्तरांनी ते बायकांचं वाद्य का, असं विचारलं.

मग कुणा साहेबाच्या भाच्याने माझा फोटो ओळखला. तेव्हापासून दर शनिवारी संध्याकाळी साहेब लोकांच्या मेसमध्ये मागून आणलेल्या गिटारीवर वाजवायचं, आणि सोमवारी त्याबद्दल हवालदाराकडून वसुली. बाकीचे रिक्रूट चार फेऱ्या पळत असले तर मी आठ. मेसमधला लाडका म्हणून खाटांवरची पोरंही माझ्याशी धड बोलत नाहीत. गेल्या महिन्यात बंदुकीच्या खटक्यात डाव्या हाताचं मधलं बोट चेमटलं. त्या शनिवारी मी वाजवायला नाही म्हणालो. हुकूम मोडला म्हणून सात दिवस कोठडी. बोट आता वळतं, पण तार दाबली की कळ येते. ताई, मला झोपेतून जाग येते ती त्या बोटाच्याच काळजीने.

बोलतो तो एकटा कुशाबा. शेजारच्या खाटेवर असतो. लालबागचा, मूळ कोकणातला, घरचे सगळे गिरणीत. गेल्या वर्षी जानेवारीत मुंबईत गोळीबार झाला त्यात त्याचा थोरला भाऊ गेला. मोर्चात नव्हता, पाळी सुटून घरी चालला होता. कुशाबाने एकदा बंदूक पुसता पुसता मला विचारलं, की शपथ घेतली म्हणजे सांगतील तिथे उभं राहायचं; उद्या आपल्याला लालबागच्याच नाक्यावर उभं केलं तर काय करायचं? मी माझी बंदूक पुन्हा पुसायला घेतली.

आता मुद्द्याचं. एक सप्टेंबरला आमची शपथेची परेड आहे. ती झाली की सात वर्षं सुटका नाही. मेजरसाहेबांनी बोलावून सांगितलं, की तू एकोणीस वर्षांचा आणि एकुलता एक मुलगा. शपथेआधी वडिलांचा लेखी अर्ज आला तर सोडता येईल, नंतर माझ्या हातात काही नाही. वडील आजारी आहेत वगैरे लिहा म्हणाले. ताई, अप्पांची एक सही आण. मी त्यांच्या पाया पडायला तयार आहे, पण ते माझ्या नमस्काराला उभे राहतील का?

तुझा,
बंडू

&nbsp;

नवी वाडी, गिरगाव
५ ऑगस्ट १९५७

चि. बंडूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

वाईट बातमी आधी सांगते. अप्पांनी सही केली नाही.

मी इंग्रजीत छान अर्ज लिहिला. वडिलांना हृदयविकार, घरात दुसरा पुरुष नाही, वगैरे. अप्पांनी तो चष्मा पुसून दोनदा वाचला. माझ्या स्पेलिंगच्या दोन चुका लाल शाईने दुरुस्त केल्या आणि कागद परत दिला. आपल्याला हृदयविकार नाही, आणि चौतीस वर्षं बंदरखात्यात हेडक्लार्की करताना खोट्या मजकुराखाली कधी सही केली नाही, ती आता करणार नाही, असं म्हणाले. मी रडले, भांडले, शाळेत शिकवायला गेले नाही. ते जेवले आणि झोपाळ्यावर जाऊन बसले. तुझं नाव तर मार्चपासून त्यांच्या तोंडात नाही. ‘तो’ म्हणतात, आणि तेही नाइलाज झाला तर.

आई भांडत नाही. तिचं वेगळंच चाललंय. चोवीस तारखेला, शनिवारी आपल्या दोघांसाठीचं तिचं पिठोरीचं व्रत आहे. चौसष्ट योगिनींचं चित्र तिने आत्तापासूनच पेटीतून बाहेर काढून पुसून ठेवलंय. काल मला विचारत होती, की मी पाठमोरी बसून खीर-पुरीचं ताट खांद्यावर धरलं आणि अतिथी कोण म्हणून विचारलं, तर बंडूच्या ताटाला मागून नाव कोण सांगणार? मी म्हटलं, मी सांगेन दोन्ही. ते तिला पटलं नाही. ज्याचं वाण त्याचंच नाव, आणि ते पुरुषाच्या आवाजात. नाव आल्याशिवाय ताट खाली ठेवायचं नाही, हा तिचा नेम तुला माहीत आहे. लहानपणी तू मुद्दाम कोपऱ्यावरच्या भजीवाल्याचं नाव सांगायचास आणि मार खायचास.

अजून सत्तावीस दिवस आहेत. मी अप्पांचा पिच्छा सोडणार नाही. तू तिथे डोकं थंड ठेव, बोटाला शेक दे, आणि भलतंसलतं काही करू नकोस.

तुझी, सध्या रोज देवाशीही भांडणारी,
नलूताई

&nbsp;

छावणी
१८ ऑगस्ट १९५७

ती. नलूताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र छावणीच्या पेटीत टाकत नाही, तिथली पत्रं उघडतात. दूधवाल्याच्या हाती देतोय. तू उत्तर पाठवू नकोस आणि तारही करू नकोस.

मी पिठोरीला येतोय.

शनिवारी पहाटे दुधाच्या गाडीतून स्टेशन गाठीन, दिवेलागणीला गिरगावात. कुशाबा माझी हाजिरी देणार आहे. कोठडीनंतर मेसमध्ये वाजवायला मला बोलावत नाहीत, आणि आमचा हवालदार मान वर न करता नावं वाचतो. मागच्या रांगेतून दोन आवाजांत दोनदा हाजिर म्हणायला कुशाबाला जमतं. आम्ही तालीम केली. रविवारी दुपारपर्यंत परत ये, पुढे जमणार नाही, असं त्याने मला बजावलंय. मी हो म्हटलं.

तुला मात्र खरं सांगतो. मी परत जाणार नाही. फरारी म्हणून पकडलं तर तुरुंग, हे मला ठाऊक आहे. कुशाबाचं काय होईल याचा विचार मी करत नाही. केला तर पाय उचलणार नाही.

आईला सांगू नकोस. तिच्या मागून मीच नाव सांगेन.

बंडू

&nbsp;

नवी वाडी, गिरगाव
२६ ऑगस्ट १९५७

चि. बंडूस,
अनेक आशीर्वाद.

तू कुठे आहेस? पळाला असशील तर हे पत्र तुझ्या हाती पडणार नाही, हे कळूनही लिहिते आहे. दुसरं काय करू?

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. शनिवारी संध्याकाळी मी दाराकडे तोंड करूनच बसले होते. दार ओढून घेतलेलं, कडी काढलेली. बाहेर पाऊस लागला होता. जिना वाजला की मी अर्धवट उठत होते. तू यावंस की येऊ नयेस, तेच मला कळत नव्हतं.

आईने पूजा केली, पाठमोरी बसली. पहिलं ताट माझं. नाव सांगून घेतलं. मग तिने दुसरं ताट खांद्यावर धरलं आणि विचारलं, अतिथी कोण? तिने पुन्हा विचारलं. ताट जड, दिवसभराचा उपास, ते एका बाजूला कलायला लागलं. खीर तिच्या खांद्यावर सांडली. तिसऱ्यांदा विचारताना तिचा आवाज फुटला. मी पुढे सरकणार एवढ्यात गॅलरीतून अप्पा आले. हातात चष्मा, पायांत चपला तशाच. आईच्या मागे ओणवे झाले आणि म्हणाले, बंडू.

एवढंच. पाच महिन्यांनी. ताट त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं. आईने वळून पाहिलं नाही. तिला आवाज कळला नसेल असं कसं होईल? पण तिने फक्त विचारलं, की उशीर का रे केलास.

काल सकाळी अप्पा टेबलाशी बसले. नेहमीसारखा आधी पेन्सिलीने कच्चा मसुदा नाही, एकदम शाईने लिहिलं. मला वाचू दिलं. आजाराचा एक शब्द नाही. लिहिलंय, की माझा मुलगा देशप्रेमाने किंवा गरजेने भरती झालेला नाही. मी रागात त्याला जे बोललो त्यामुळे झाला. चूक सर्वस्वी माझी आहे. ती त्याच्याकडून सात वर्षं वसूल होऊ नये. मुलगा परत मिळावा, ही विनंती. खाली सही. चौतीस वर्षांत अप्पांनी चूक माझी असं कुठल्याही कागदावर लिहिलं असेल असं मला वाटत नाही.

आज सकाळी मी तो रजिस्टर करून आले. आणि तुझा पत्ता नाही! अर्ज पोचेल तेव्हा तू फरारी निघालास तर त्या सहीचं काय होईल? बंडू, जिथे असशील तिथून परत जा. पाया पडते.

नलूताई

&nbsp;

छावणी, कोठडी
१ सप्टेंबर १९५७

ती. नलूताईस,
सा. न. वि. वि.

मी आलो होतो.

जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा होतो, दाराला हात लावून. आईने पहिल्यांदा विचारलं ते ऐकलं. माझ्या तोंडातून आवाज फुटेना, ताई. स्टेजवर हजार माणसांपुढे गातो मी, आणि तिथे स्वतःचं नाव सांगता येईना. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा मी दार ढकलणार तेवढ्यात आतून अप्पा म्हणाले, बंडू.

मी खाली उतरलो. मला वाटलं, माझ्या नावाला इथे अप्पा ओ देतात आणि तिथे छावणीत कुशाबा, आणि ज्याचं नाव तो जिन्यावर लपून उभा आहे. रडत रडत बोरीबंदरापर्यंत चालत गेलो.

रविवारी दुपारी छावणीच्या मोठ्या फाटकातून आत शिरलो. कुशाबा मैदानात उभा होता, दोन्ही हातांनी बंदूक डोक्यावर धरून. सकाळच्या हाजिरीला पकडला गेला होता. मी कुठे आहे ते चार तासांत त्याने सांगितलं नाही. मला बघून बंदूक खाली घेतली आणि म्हणाला, की तू येतलंस ह्या माका ठावक होतां; मी येणार हे त्याला ठाऊकच होतं. मी त्याच्या नजरेला नजर दिली नाही. त्याला सात दिवस कोठडी झाली, मला चौदा.

शुक्रवारी मेजरसाहेबांनी मला कोठडीतून बोलावून अप्पांचा अर्ज वाचून दाखवला. स्वतः दोनदा वाचला. वीस वर्षांत असा अर्ज पाहिला नाही म्हणाले. शिक्षा भोगून झाली की मला सोडणार आहेत.

आज शपथेची परेड झाली. कुशाबाला तेवढ्यापुरतं बाहेर काढलं. त्याच्या घरून कोण अर्ज करणार? कोठडीच्या गजातून मला त्याचा आवाज ऐकू आला. तो माझ्या नावाला हाजिर म्हणाला होता. मी त्याच्या जागी काही म्हणू शकलो नाही. हे मला जन्मभर पुरेल.

आईला हे सांगू नकोस. अप्पांनाही नको.

तुझा,
बंडू

&nbsp;

॥ श्री ॥

नवी वाडी, गिरगाव
६ सप्टेंबर १९५७

चि. बंडू यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

सुटकेचा सरकारी कागद काल पावला. तुझं जुलैचं पत्र नलूने वाचून दाखवलं होतं, हे नवं मला दाखवलेलं नाही. ती पदरात लपवते आणि मी पाहत नाही.

एक गोष्ट नोंदवून ठेवतो. पिठोरीच्या संध्याकाळी ताट घेतल्यावर मी दाराला कडी घालायला गेलो. जिन्यावर वरच्या पायरीपर्यंत चिखलाचे ठसे होते. मोठे बूट, टाचेला नाल. या वाडीत असले बूट कोणी घालत नाही. खरा धनी दाराशी उभा असताना मी त्याच्या नावाने ताट घेतलं, हे मला तेव्हा कळलं. तुझ्या आईला दिसू नयेत म्हणून सगळ्या पायऱ्या मी माझ्या पंच्याने पुसल्या. पुढचे दिवस मी त्या जिन्याकडेच पाहत होतो, आणि जन्मात पहिल्यांदा तू घरी येऊ नयेस असं देवाला म्हणत होतो. तू आला नाहीस, म्हणजे छावणीत परत गेलास. मला तुझा अभिमान वाटला. हे मी यापूर्वी तुला कधी सांगितलं नव्हतं.

तुझं वाद्य कपाटातून काढून खिडकीपाशी ठेवलं आहे. एक तार तुटलेली आहे. ती मी तोडलेली नाही. बोटाला काय झालं आहे ते डॉक्टरला दाखवू. त्या लालबागच्या मुलाच्या घरचा पत्ता आण. त्याच्या आईवडिलांना मला भेटायचं आहे.

येशील तेव्हा जिन्यावर थांबू नकोस, बूटही काढत बसू नकोस. तसाच वर ये. पायऱ्या पुसायला मी आहे.

कळावे, हे आशीर्वाद.

अप्पा