ताठ मॅगझिन आणि खोबरेल

बाबा,

माझ्या उजव्या हाताच्या अंगठ्यावर घोर अन्याय झाला आहे आणि दाद मागायला वरचं न्यायालय म्हणून तुम्हीच उरला आहात. अंगठा सुजलाय. नखाखाली काळंनिळं झालंय. शर्टाचं बटण लावायला डाव्या हाताची मनधरणी करावी लागते, आणि परवा कुडाळच्या कोर्टात अर्जावर सही केली ती बघून कारकुनाने चष्मा वर केला. "सायेब, ही सही तुमचीच मां?" आरोपी एक पत्र्याची चपटी डबी आहे. तुमच्या ठासणीच्या बंदुकीला असलं काही नव्हतं, म्हणून सांगतो. हल्लीच्या पिस्तुलाच्या मुठीत ही डबी सरकवतात. तिला मॅगझिन म्हणतात. आत स्प्रिंग असते, वरून एकेक गोळी अंगठ्याने दाबत बसवायची. पहिल्या दोन-तीन गोळ्या पाहुण्यांसारख्या आत जातात. पुढची उंबऱ्यावरच अडते, आणि शेवटची बसवताना मला माझ्या वयाची, वजनाची आणि एकंदर कर्तृत्वाची जाणीव होते. पिस्तूल तळहातात मावेल एवढं आणि स्प्रिंग मात्र नांगराला जुंपावी अशी. माझ्यावर कुणी चालून आलाच तर त्याला ओटीवर बसवून आधी चहा द्यावा लागेल. तो संपेपर्यंत माझं भरून होईल.

हो, तुमच्या मुलाने पिस्तूल घेतलंय. हसू नका. जमिनीच्या एका दाव्यात मी एका म्हातारीच्या बाजूने उभा आहे. तिचा सामायिक डोंगर पुतण्यांनी परस्पर विकायला काढला. मधल्या दलालाचा माणूस कोर्टाच्या आवारात माझ्याशी अगदी अदबीने बोलला. "वकीलसायेब, गाडी जुनी झाली तुमची. ब्रेक-बिक बघून घेवा हां. वळणाचो रस्तो." एवढंच. शिवी नाही, आवाज नाही. शिवी दिली असती तर मला झोप लागली असती; तिला उत्तर देता येतं. मी गाडी गॅरेजला नेली. मिस्त्री चाकाखालून बाहेर आला आणि म्हणाला, "बरां झालां इलात. मागचे ब्रेक पुरे झिजले हत." आता ते नुसतेच झिजले होते की कुणी झिजवले होते, आणि त्या माणसाने धमकी दिली होती की सल्ला, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. तेव्हापासून मी प्रत्येक वळणावर आधी पाय दाबून बघतो. मग परवान्यासाठी अर्ज केला. आईला सांगितलं नाही. बायको मुलीकडे पुण्याला आहे, तिलाही नाही. आपल्या घरात न बोलण्याची पद्धत तुम्हीच घातलीत.

कोल्हापूरच्या दुकानदाराला अंगठ्याची हकिगत फोनवर सांगितली तर तो हसला. "नवीन हाय वकीलसाहेब, ताठच असतंय. भरून ठेवा चार दिवस, स्प्रिंग बसंल. एक गोळी कमीच भरा. आणि तेल घालू नका बरं का आत, गोळ्यांची वाट लागती." मी तसंच केलं. पिस्तूल लोखंडी कपाटात कुलूपबंद केलं. आणि भरलेलं मॅगझिन? तुमचा नियम आठवला. हत्यार एका जागी, दारूगोळा दुसऱ्या जागी, आणि दोन्ही एका माणसाच्या हाताला एका वेळी लागता कामा नयेत. तुमची बंदूक माजघरात उंच खुंटीवर असायची आणि दारूचा डबा भिंतीतल्या फडताळात. तो डबा अजून तिथेच होता. बंदूक तुम्ही गेल्यावर मीच पोलीस ठाण्यात जमा केली होती, डबा कुणी मागितला नाही. मी मॅगझिन त्या डब्यात ठेवलं, फडताळाची कडी लावली, आणि वडिलांचा आज्ञाधारक मुलगा म्हणून स्वतःवर खूश झालो.

तुमच्या दुसऱ्या एका नियमापायी तुम्ही मला एकदा मारलं होतंत. मी झाडू खांद्याला लावून मांजरावर नेम धरला होता. तुम्ही बोटांवर असा फटका दिलात की झाडू पडला. "जित्या जीवार रोखूचा नाय." मी रडत म्हटलं, झाडू आहे हा. तुम्ही म्हणालात, "हाताक खंय कळता?" मी तुमच्याकडे बघतोय आणि मला वाटतंय, या माणसाला कशाची भीती नाही. भात पिकायला आलं, रानडुकरं उतरू लागली की तुम्ही तिन्हीसांजेला बंदूक ठासायला घ्यायचात. आई कंदील धरायची. नेमकं त्याच वेळी तुम्ही मला म्हणायचात, "जा, कुत्र्याक बांधून ये." मी परत येईपर्यंत तुम्ही खांद्यावर बंदूक टाकून अंगणात उभे. तेवढंच मी पाहिलेलं आहे. ठासताना कधी पाहिलं नाही.

तर काल खंडेनवमी. कोर्टाला सुटी, म्हणून चार दिवस भरले असं धरून मॅगझिन रिकामं करायला फडताळ उघडलं. डबा नव्हता. मी हात आत कोपऱ्यापर्यंत फिरवला. झुरळ होतं, डबा नव्हता. बाबा, भरलेलं मॅगझिन पिस्तुलाशिवाय काही करू शकत नाही हे मला माहीत आहे. तरी फडताळ पुन्हा एकदा चाचपलं. सकाळपासून घरात माणसांची ये-जा होती. गोंड्याची फुलं घेऊन शेजारीण येऊन गेली होती, तिची नातवंडं माजघरात पकडापकडी खेळून गेली होती. एखाद्या पोराने गोळी उचकटून चुलीत टाकली तर? डबा रस्त्यावर गेला, त्या दलालाच्या माणसाच्या हाती लागला तर? ठाण्यात जाऊन काय लिहून देऊ, जिवाच्या भीतीने हत्यार घेतलं आणि आठवड्याच्या आत हरवलं? मी पलंगाखाली शिरलो, तांदळाच्या पिंपात हात घातला. आणि तिथे, पिंपात कोपरापर्यंत बुडालेला असताना, मी देवस्कीवर, कौल-उताऱ्यांवर आणि तुम्ही देवापुढे घालायचात त्या गाऱ्हाण्यांवर आयुष्यभर तोंडसुख घेतलेला माणूस, मनातल्या मनात म्हणालो: बागेच्या सीमेवरच्या राखणदारा, एवढं सापडू दे, तुला नारळ ठेवीन.

"रे, तांदळात काय शोधतस? ये हय, आरती करून घे." आईची हाक आली, म्हणून गेलो. देवघरासमोर पाटावर हत्यारं मांडली होती. कोयता, कुऱ्हाड, जमीन खणायची पारय, नारळ किसायचा आडाळा, माझी कायद्याची दोन पुस्तकं. मधोमध तुमचा डबा, आणि डब्यासमोर विड्याच्या पानावर माझं मॅगझिन. त्याला गंध होतं, हळदकुंकू होतं, वरच्या गोळीच्या टोकावर गोंड्याचं फूल टेकवलेलं होतं, आणि त्यातून खोबरेल तेल टिपकत होतं.

"आये, ह्यां खंय गावला तुका?"

"डब्यात. आणि खंय?"

"डबो कित्याक काढलंस?"

"दर वर्साक काढतंय. तू बघतस खंय? परसादाचो वास इल्याशिवाय तू हय फिरकणस नाय."

"रिकामो डबो पुजतस?"

"रिकामो कित्याक? तेचो हात लागलेलो डबो तो." तिने निरांजन माझ्या हातात दिलं. "ह्या वर्सा आत कायतरी होतां. लय ताठ होतां रे तां. बोटान दाबून बघलंय, हलणा नाय. म्हणान तेल सोडलंय आत. तुझो बापूस काय करी? इलेक्शनाक जमा केलेली बंदूक ठाण्यातसून गंजान इली की आधी खोबरेल."

मला ओरडायचं होतं. दुकानदाराची ताकीद, गोळ्यांची किंमत, शेजारणीची नातवंडं, सगळं एकदम तोंडात आलं. मी फक्त विचारलं, "तां काय आसा, ठाव आसा तुका?"

"माका येडी समजतस? पितळ दिसता मां." मग ती माझ्या हाताकडे बघत म्हणाली, "कोणाक भियातस?"

"कोणाक नाय."

"मगे अंगठो कसो सुजलो?"

इतकी वर्षं मी उलटतपासणी घेतो, पण असा प्रश्न मला कधी सुचला नव्हता. तिने पाटावरचं कुंकू बोटाने सारखं केलं. "तुझो बापूस डुकराक भियाय," ती म्हणाली, जसं काही तुम्हाला मिरची तिखट लागायची एवढंच सांगत होती. "एकदा डुकरान तेच्या भावाची मांडी फाडल्यान, तेव्हापासून. बंदूक ठासताना तेचे हात असे कापत, दारू जमनीर सांडा. म्हणान तुका भायर धाडी."

"कुत्र्याक बांधूक."

"कुत्रो बांधलेलोच आसा. तो सकाळीच सुटा, बापूस भात राखून इल्यार."

खरंय, बाबा. कुत्रा बांधलेलाच असायचा. मी दर वेळी जाऊन त्याची गाठ चाचपून यायचो, तुम्हाला सांगायचो, बांधला. आणि तुम्ही म्हणायचात, "शाबास."

मग मी तिला सगळं सांगितलं. म्हातारीचा डोंगर, दलालाचा माणूस, ब्रेक. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "दावो सोडतलस?" मी म्हटलं, नाही. "मगे भिया," ती म्हणाली, "पण जेवन भिया. भात थंड होता."

दुपारी गोळ्या काढल्या, पुसल्या, बाजूला ठेवल्या. कोल्हापूरला परत नेईन आणि तेल कुणी घातलं ते सांगणार नाही. मॅगझिनही पुसलं. दुकानदाराला दुखवायचं नाही म्हणून सांगत नाही, पण डबी आता पुष्कळ नरम झाली आहे. चार दिवसांमुळे की खोबरेलामुळे, हा वाद मी आईशी घालणार नाही. दिवाळीनंतर तारीख आहे. मी जाणार आहे, वळणावर पाय दाबत.

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि असती तरी मी टाकलं नसतं. तुम्ही जे लपवलंत ते मला कळलं, हे तुम्हाला कळून काय उपयोग. एकच सांगायचं राहिलं. आज दसरा. सकाळी आई उठायच्या आधी नारळ घेऊन बागेच्या सीमेवर गेलो. राखणदाराच्या दगडासमोर तो ठेवला. गाऱ्हाणं घालायला तुमच्यासारखा आवाज लागेना, म्हणून जमेल तसं पुटपुटलो. देवा म्हाराजा, तुका बोललेलो नारळ ठेवलो आसा, म्हातारेचो डोंगर राख, रस्तो राख, माझे हात कापले तरी पाय मागे येवचे नाय असां कर रे म्हाराजा. पुढे थांबलो. इथे तुम्ही थांबायचात आणि तुमच्या मागे उभा राहून 'व्हय म्हाराजा' मी म्हणायचो. मागे वळून पाहिलं. कुणी नव्हतं. मग तेही मीच म्हटलं, हळूच, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.