तराफ्याची किल्ली

३ एप्रिल ९२
तराफा पाण्यात. साखळीने काठाला जखडलाय, कुलूप तराफ्यावरच्या खुंट्याला. अमळनेरच्या तेलगिरणीची बाद पिंपं, वर फळ्या, झिरमिळ्या, टेप. तापीवर तरंगता बार, उभ्या खानदेशात पहिला! शेठ खूश. मी मॅनेजर.
अडचण एकच, सुपडूनाना. पिढीजात नावाडी, याच डोहात नाव चालवतो. शेळ्या, भारे, बाया गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर कशाला? नाव बंद करवली. त्यालाच नोकर ठेवला. काठावरून माणसं आणायची, सलाम ठोकायचा.

१९ एप्रि.
नानाला सोनेरी काठाची कप्तानाची टोपी दिली. तराफ्यावर चढताना टोपी काढून तापीला हात जोडतो. लोक हसून बेजार. शेठ म्हणाले, असंच चालू दे, धंद्याला बरं.

१० मे
नवा खेळ. कुणी चमचा, कुणी ओपनर डोहात फेकतो, नाना बुडी मारून आणतो. साठीचा म्हातारा, पण दम आहे. धुळ्याच्या वकिलाने अंगठी फेकली. चौथ्या बुडीला घेऊन आला, ओठ निळे. टाळ्या.

६ जून
उद्या मृग. सकाळपासून म्हातारा डोकं खातोय. साखळी काढा, लांब दोर लावा, वरच्या बाभळीला बांधा. वर मध्यप्रदेशात पाऊस पडला की इथं कोरडं असतानाही पाणी चढतं म्हणे. "तापी दोर सहन करस भाऊ, साखळी नही करस." शेठचं म्हणणं, दोर चोर कापतील. तरी नानाने कुलपाची किल्ली मागितली, तीही गिऱ्हाइकांदेखत. डोकं सणकलं. म्हटलं, घे, आणि डोहात फेकली.
फेकली ती सोड्याच्या कपाटाची. साखळीची माझ्या खिशात.
सहा बुड्या मारल्या. वर आला तेव्हा किल्ली दातांत. कुणाला हसू आवरेना. त्याने करदोड्याला बांधली. "आते काळजी नही." पुढच्या आठवड्यात शेठ येऊन गेले की साखळी सोडतो म्हणाला. उद्या सांगू खरं काय ते. जिरू दे जरा.

८ जून
सांगायचं राहिलं. शेठनी जळगावला बोलावलं.

११ जून
पहाटे पाणी आलं. इथं थेंब नाही. लोक सांगतात, साखळी ताणली गेली, तराफा एका अंगाने खाली ओढला जात होता, आणि नाना खुंट्यापाशी कुलपाशी झटत होता. काठावरून हाका मारल्या, आला नाही.
मी जळगावात. किल्ली शर्टात.

१३ जून
चार कोसांवर सापडला. टोपी नव्हती.

१५ जून
अक्का आली, नानाची बायको. करदोड्याची किल्ली पदरातून सोडून टेबलावर ठेवली. मालकाची वस्तू घरात नको म्हणाली. रडली नाही. एवढंच विचारलं, "किल्ली ते त्यासनाजोडेच व्हती. कुलूप गंजी जायेल व्हतं का भाऊ?"
हो म्हणालो. गंजलं होतं.
ती गेल्यावर सोड्याच्या कपाटाला लावून पाहिली. लगेच उघडलं.

१६ जून
उद्या पोलिसांत जबाब. शेठ म्हणतात, म्हातारा प्यायलेला होता असं लिहून द्या. नाना थेंब घेत नव्हता. दोन्ही किल्ल्या समोर आहेत.