रीनहार्टची वीस काडतुसं

८ जून १९९६

बायकोने, हेस्टरने, तराजू माझ्यासमोरून उचलून ठेवला. 'हात थरथरतोय तुमचा. आज पुरे.' तिला काय जातंय बोलायला! पण थरथरत होता खरा. बंदुकीची दारू मोजायची म्हणजे आमटीत मीठ टाकणं नव्हे. चार कण इकडचे तिकडे झाले की गोळी भलतीकडेच जाते.

आमच्या पोराने, रीनहार्टने, त्याची पावणेचारशे बोअरची रायफल माझ्याकडे आणून टाकलीय. गेल्या हंगामात झांबेझीच्या खोऱ्यात पैसे मोजून शिकारीला आलेल्या एका पाहुण्याने रानरेडा जखमी केला. पाहुणे चुकतात आणि त्यांच्या जखमी जनावरामागे झुडपात शिरायचं माझ्या पोराने — त्याचा धंदाच तो. दुकानी काडतुसाची गोळी रेड्याच्या खांद्यावरच फुटली. पोरगा कसाबसा झाडावर चढला, वरून पडला, खांदा निखळला. ऑपरेशन झालं. इकडचा हा जून-जुलैचा हिवाळा गावात टायरच्या दुकानात बसून काढतोय. 'शिंग बुटाला घासलं, बाबा,' हसत सांगत होता. मला नाही आलं हसू. सप्टेंबरात पुन्हा जाणार म्हणतो. जाऊ दे. पण यापुढे त्याची काडतुसं मी भरणार. माझी कंबर रेड्यानेच मोडली, शिकार सुटली. एवढं तरी जमेल की!

१६ जून

रिकाम्या पितळी पुंगळ्या घासल्या, तोंडं सारखी कापली, बुडात ठिणगीच्या नव्या टोप्या ठोकल्या, दारू मोजली, वर जाड कवचाची जड गोळी बसवली. काल दिवसभरात कशीबशी पंधरा. कंबरेचा काटा ढिला झाला.

आज सकाळी बंधाऱ्यामागे गेलो. गवतावर हिम, कान बधिर. शंभर मीटरवर कागद लावला. तीन गोळ्या, तीन दिशांना. पंज्याएवढा पसारा.

१७ जून

तेच.

३० जून

दारू थोडी वाढवली, पसारा मुठीएवढा झाला. अजून वाढवायला जागा आहे.

रीनहार्ट जेवायला आला होता. कागद बघून म्हणाला, 'बाबा, रेड्याचं काळीज परातीएवढं असतं. तुम्ही बटणाएवढ्या भोकांच्या मागे का लागलाय?'

'तुझ्या खांद्याला विचार.'

'खांदा म्हणतो, म्हाताऱ्याला दुसरा उद्योग नाही.'

हेस्टर एवढी हसली की तिला ठसका लागला. मलाही हसू आलं, पण दाखवलं नाही. पोरगं जाताना रस्कची अख्खी बरणी घेऊन गेलं.

२७ जुलै

सापडलं! तीन गोळ्या, एकच भोक — कडा जरा फाटलेल्या, बस. दारूच्या मापांच्या पुस्तकात जिथे 'याच्या पुढे जाऊ नका' लिहिलंय, त्याच्या अगदी उंबऱ्यावर. पण काडतूस बदलायचा बोल्ट लोण्यासारखा उघडतोय — दाब जास्त असता तर अडला असता. पुंगळीवर ओरखडा नाही.

शेजारचा स्टोफेल आला होता. तोही आयुष्यभर काडतुसं भरतोय. कागद उलटासुलटा करून पाहिला नि नाक मुरडलं. 'हिमात भरलेलं काडतूस ऑक्टोबरच्या उन्हात वेगळं वागतं. दारू तापली की दाब चढतो. दोन कण कमी कर, गड्या.'

'तुझा कागद आण मग, बघू.'

त्याचा कागद चाळणीसारखा असतो. मी एक कणही कमी केला नाही. कमी केलं की भोकं पुन्हा फाकतात — करून बघितलंय.

३१ ऑगस्ट

वीस काडतुसं मोजून डब्यात भरली. रायफलवरची दुर्बीण त्यांच्यावरच जुळवून दिली — नेम तिथे गोळी. चार उरली, ती मी ठेवली.

रीनहार्टने जाताना मिठी मारली. असलं काही तो करत नाही. म्हणाला, 'या वेळी झाडं शोधायला नकोत.' हेस्टर फाटकापर्यंत गेली. मी ओसरीवरूनच हात केला, कंबर धरली होती.

६ ऑक्टोबर

काय करून बसलो मी हे.

आजचं ऊन माणसाला भाजून काढणारं. दुपारी स्टोफेलला खिजवायला म्हणून उरलेली चार काडतुसं आणि माझी जुनी पावणेचारशे घेऊन निघालो. काडतुसं बक्की गाडीच्या पुढच्या काचेखाली पडली होती. हाताला चटका बसला तेव्हाच समजायला हवं होतं. एक झाडलं. बोल्ट उघडेना! हाताने नाही, लाथेने नाही. स्टोफेलने लाकडी हातोडा मारून उघडला. दाबाने टोपी पार चपटी. स्टोफेलने ती पुंगळी माझ्या तळहातावर ठेवली. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

माझी नळी जुनी, झिजलेली, ऐसपैस. तिच्यात हे. रीनहार्टची नळी घट्ट. आणि खोऱ्यात ऊन इथल्यापेक्षा दुप्पट. पहिली गोळी झाडून रेडा अंगावर येताना पोरगा बोल्टशी झटतोय — डोळ्यांसमोरून हलत नाही.

छावणीत फोन नाही. त्याच्या कंपनीच्या हरारेच्या ऑफिसात फोन लावला. तिथे टिल्डा नावाची बाई आहे, ती संध्याकाळी वायरलेसवर छावणीशी बोलते. लाइन सारखी तुटत होती. ओरडून सांगितलं, 'रीनहार्टला म्हणावं, बाबांची काडतुसं वापरू नकोस. एवढंच सांगा.'

'देते निरोप, काका,' म्हणाली. मग फोन मेला.

हेस्टरला सांगितलं नाही.

७ ऑक्टोबर

सकाळपासून फोन लावतोय. लागत नाही.

८ ऑक्टोबर

लागत नाही. जेवण जात नाही. हेस्टर विचारते, 'पोट बिघडलं का?' हो म्हटलं.

९ ऑक्टोबर

टिल्डाचा फोन आला. रीनहार्ट गेला. काल सकाळी.

ती रडत होती. पाहुण्याने रेडा जखमी केला. रीनहार्टने एक गोळी झाडली. दुसरी आलीच नाही. एवढंच समजलं. निरोप दिला होता का, हे विचारायची माझी छाती झाली नाही. फोन हेस्टरच्या हातात दिला आणि बाहेर जाऊन उभा राहिलो.

दुसरी आलीच नाही.

१५ ऑक्टोबर

माती दिली. पाद्री बोलत होते, मला ऐकू येत नव्हतं. बायकांनी भांडीच्या भांडी जेवण आणलं, कुणी खाल्लं नाही. स्टोफेल माझ्या शेजारी उभा होता. सगळे पांगल्यावर म्हणाला, 'निरोप पोचला नसणार. तू तुझं केलंस.' त्याला दुसरं काय बोलता येणार? तोही जाणतो, मीही जाणतो. त्या डब्यातल्या प्रत्येक काडतुसाची दारू माझ्या हाताने मोजलेली.

१६ ऑक्टोबर

हेस्टरला सांगितलं सगळं. वाटलं थोबाडीत मारेल. तिने नुसतं विचारलं, 'स्टोफेलने सांगितलं होतं ना तुम्हाला?' हो म्हटलं. ती उठून रीनहार्टच्या खोलीत गेली. आता तिथेच झोपते.

२४ ऑक्टोबर

काडतुसं भरायच्या शेडला कुलूप लावलं. किल्ली बंधाऱ्यात फेकली.

हेस्टर ताट वाढते, ताट उचलते.

२ नोव्हेंबर

आज चेंजेराई आला. रीनहार्टसाठी माग काढायचा तो. बसने दोन दिवस प्रवास करून पोराचं सामान घेऊन आला. माझ्या काडतुसांचा डबा उघडला. वीसच्या वीस काडतुसं. एकही हललेलं नाही.

निरोप पोचला होता. वायरलेस दुसऱ्या दिवशी लागला, तो जायच्या आदल्या संध्याकाळी. रीनहार्टने पाहुण्याकडून पावणेचारशेची काडतुसं मागून घेतली — हलक्या गोळीची. चेंजेराई म्हणाला होता, आधी खुणेवर मारून बघ. पण कळप जवळ होता, बार झाला असता तर उठला असता. सकाळी पाहुण्याने जखमी केलेला रेडा कोरड्या नदीपलीकडे उभा होता. 'नेम बरोबर होता, काका. गोळी सहा-सात बोटं वर लागली.' रेडा झुडपात शिरला, पोरगा मागे. तिथे रेडा बाजूने आला. रायफल वर करायलाही वेळ मिळाला नाही.

दुर्बीण मी माझ्या जड गोळीवर जुळवली होती; हलकी गोळी त्याच नेमाने वर जाते. काडतुसं बदलली तर दुर्बीण पुन्हा जुळवावी लागते, हे मी निरोपात सांगितलं नाही.

पहाटेच्या गारव्यात माझी काडतुसं कदाचित चाललीही असती. बाबांचीच वापर, असं चेंजेराईने म्हणून पाहिलं होतं त्याला. रीनहार्ट म्हणाला, 'बाबांनी एवढ्या लांबून सांगितलंय. ऐकायला पाहिजे.'