तळ्याची खरी वही

बाभुळगाव, १४ सप्टेंबर २०२४

चि. राजदीप मास्तरास, रुखमाताईचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुया झरीकडच्या शाळेत रेंज नाई, म्हणून मले कागद काळे करा लागते. जुलैत शेततळ्यात सोडलेले झिंगे आता बोटाएवढे झाले. नागपूरचा व्यापारी म्हणते का जबाबदार झिंगापालनाचं प्रमाणपत्र असंन तरच माल उचलतो. ते द्याच्या आधी डिसेंबरात प्रमाणपत्रवाल्या मोनाली मॅडम तळं अन् वही तपासाले येणार. नाई भेटलं तं तुये भाऊजी तळं कपाशीच्या ओलिताले परत घेतील, तशी बोलीच झाली आहे. जिंदगीत एवढंच मागतलं होतं बाप्पा मी!

खाद्य किती, मेले किती, हे रोज वहीत लिहा लागते. मले कटाळा येते, म्हणून तुलेच सांगते. मंगळवारी भाऊजींनी फवारणीचा पंप तळ्याच्या काठावर धुतला. एकतीस झिंगे उलटे झाले. मी दिवसभर त्यायच्याशी बोलली नाई, तं त्यायले ते बक्षीसच वाटलं. तुयासाठी पोरगी पाहू का? लोभ आटू देऊ नको.

तुही ताई

झरी जामणी, २५ सप्टेंबर

ती. रुखमाताईस, सविनय जयभीम. वि. वि.

एकतीस झिंग्यांना माझी श्रद्धांजली. मारोतीभाऊजींना सांग, पंप तुमचा असला तरी पाणी ताईचं आहे. आणि वही रोजच्या रोज लिही. गृहपाठ आदल्या दिवशी उरकणारी पोरं मी लांबूनच ओळखतो, त्यांची पहिली गुरू तूच. पोरगी पाहू नकोस, झिंगे पाहा. माया आहे तशीच राहू दे.

तुझा राजदीप

बाभुळगाव, ११ डिसेंबर

चि. राजदीपले जयभीम. वि. वि.

लेका, तुही ताई बुडाली. मॅडम येणार म्हणून मी दोन दिवसांत सारी वही लिहून काढली. एकच पेन, सुंदर अक्षर, रोज मेले शून्य. जोरात होती नं, तं हात थांबलाच नाई, थेट एकतीस डिसेंबरपर्यंत भरली! काल मॅडम आल्या. त्यायनं पानं पलटवली अन् शांतपणे विचारलं का अजून तीन आठवडे जायचे आहेत, त्यातले झिंगे मरणार नाई हे तुम्हाले कोणी सांगतलं? मले जमीन फाटावी असं वाटलं. पंधरा दिवसांत खरी नोंद दाखवा, नाई तं अर्ज बंद, असं सांगून गेल्या. भाऊजी संध्याकाळी ओलिताचा पाइप घेऊन तळ्याभोवती फिरून आले. आता तूच काही सुचव. लय रडू येते रे.

तुही ताई

झरी जामणी, १६ डिसेंबर

ती. ताईस सविनय जयभीम. वि. वि.

रडू नकोस. खरी नोंद माझ्या पेटीत आहे. जुलैपासूनची तुझी नऊ पत्रं लिफाफ्यांसकट पाठवतोय, प्रत्येकावर टपालाचा शिक्का आहे. किती खाद्य, पाणी कधी गढूळ झालं, सारं त्यात आहे, मध्ये माझी खोडी काढलेली तेवढी सोडून. पण त्यातच एकतीस झिंग्यांचं पत्रही आहे. औषधाचं पाणी तळ्यात गेलं हे मॅडमना कळलं तर काय होईल, मला सांगता येत नाही. ते पत्र सगळ्यांत वर ठेवलंय. चुलीत घालायचं की मॅडमच्या हाती द्यायचं, तू ठरव. काहीही केलंस तरी भाऊ तुझाच.

राजदीप

बाभुळगाव, ४ फेब्रुवारी २०२५

चि. राजदीपले जयभीम, अन् गोड गोड पापा. वि. वि.

चूल पेटलेलीच होती, खोटं कायले सांगू. पण एकदा शून्य लिहून पाह्यलं होतं, पुन्हा नाई लिहिवलं. नऊही पत्रं दिली, वरचं वरच ठेवलं. मॅडमनं सारी वाचली. पंपाच्या ओळीपाशी थांबल्या. मी काही म्हणाच्या आधी भाऊजीच पुढे झाले, पंप मीच धुतला म्हणाले, जागा दाखवली. मॅडम म्हणे का या एका पत्रामुळं बाकीच्या आठांवर विश्वास बसला. पंप धुवाले दूर हौद बांधाले लावला, महिन्यानं पाणी तपासलं, अन् काल प्रमाणपत्र आलं! तळं माहंच राह्यलं रे. जाता जाता मॅडमनं हेही विचारलं का मास्तरांचं जमलं का कुठं.

वही आता भाऊजी लिहितात, मले हात लावू देत नाई. कालची नोंद अशी आहे: खाद्य दोन किलो. मेले दोन. पंप हौदावर धुतला. रुखमाबाई दिवसभर बोलल्या. तक्रार नाही.

तुही ताई