ताईचा रकाना

छोट्या,

लॅबला निघतेय. जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय, गरम करून घे.

काल मी तुला सगळ्यांदेखत मूर्ख म्हणाले. वर्षभर शिकवण्या घेऊन पैसे साठवलेस आणि गेमिंगच्या कॉम्प्युटरसाठी सगळ्यात वेगवान प्रोसेसर सोडून मधलाच उचलून आणलास! दुकानदारानं गंडवलं, अशी माझी खात्रीच होती. आज दुपारी उठल्यावर त्याच्याशी भांडायला जायचं म्हणून खोक्यात बिल शोधत होते, तर बिलाखाली तुझा कागद सापडला.

चार प्रोसेसर, पुढे वेग, किती तापतो, पंखा किती आवाज करतो. इथवर ठीक. पण शेवटचा रकाना 'ताई'. सगळ्यात वेगवान प्रोसेसरपुढे त्यात लिहिलंयस, 'जागी होईल, ओरडेल'. तू आणलास त्याच्यापुढे, 'बहुतेक झोपेल'.

ओरडेल म्हणे! ओरडतेच मी. रात्रपाळी करून तुझ्याच खोलीत दिवसा झोपायचं म्हणजे काय, ते मलाच माहीत. गेल्या महिन्यात डुलकीत रक्ताच्या दोन नळ्यांच्या लेबलांची माझ्याकडून अदलाबदल झाली होती. वेळेवर लक्षात आलं म्हणून निभावलं. घरी बोलले नाही, तूही बोलू नकोस.

कालचे शब्द मागे घेते. रविवारी मला सुट्टी आहे. हेडफोन काढून खुशाल खेळ, मी बघायला बसेन.

कागद होता तिथेच ठेवलाय. फक्त 'बहुतेक झोपेल'च्या पुढे आजचा निकाल लिहिलाय: छोट्या सकाळभर शेजारी खेळत होता, ताई सात तास झोपली.

ताई