कच्चे तमाल

॥ सोलेदाद माउली प्रसन्न ॥

ओआहाका,
८ जानेवारी १९९७

चि. सौ. ओतिलिया हिस रेमेदिओसताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं नाताळचं कार्ड पोचलं. उत्तर जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहिते आहे, रागावू नकोस. कागद जाड आहे, टाकवत नाही.

परवा तीन राजांच्या सणाला रोस्क्याचा गोड पाव कापला आणि बाळ येशूची बाहुली नेमकी माझ्याच तुकड्यात निघाली. म्हणजे दोन फेब्रुवारीला, कांदेलारियाला, सगळ्या गल्लीला तमाल खाऊ घालायचे ते मी. एरवी मी पुण्य समजून हसले असते. यंदा ती बाहुली गुपचूप पुन्हा पावात खुपसावीशी वाटली. का, ते सांगते.

शनिवारी परदेशी प्रवासी आपल्याकडे स्वयंपाक शिकायला येतात, ते तुला माहीत आहे. ग्रासिएलाबाई त्यांना हॉटेलांतून गोळा करून पाठवतात. सकाळी बाजार, मग मिरच्या भाजायच्या, पाट्यावर त्यांचा दाट मोले वाटायचा, मक्याच्या पिठात तो भरून केळीच्या पानात तमाल बांधायचे, आणि वाफ आली की सगळ्यांनी बसून खायचे. सात वर्षं हे चाललं आहे, पातेल्याने कधी दगा दिला नाही. पण डिसेंबरच्या शेवटच्या शनिवारी दोन तास उकळूनही तमाल कच्चे. पान सोडवलं तर पीठ बोटांना चिकटून आलं. चार तारखेला पुन्हा तेच. पाणी होतं, गॅस होता, पीठ हलकं फेटलेलं होतं, त्याची गोळी पाण्यावर तरंगलीही होती. मग राहिलं काय? स्वयंपाकघरात कुणीतरी रागावलेलं असणार. रागावलेल्या माणसासमोर तमाल शिजत नाहीत, हे काय तुला सांगायला हवं?

कोन्चा मदतीला येते, तिला मी विचारलं की बाई गं, नवऱ्याशी भांडून आलीस का. ती म्हणे, की भांडण तर लग्नापासून रोजचं आहे, मग सात वर्षं शिजले कसे? तेही खरंच. शिकायला आलेल्या एका जोडप्यात अबोला दिसला, पण ते दोघं आपल्या भाषेत इतकं हळू बोलतात की राग आणि प्रेम वेगळं काढता येत नाही.

ग्रासिएलाबाई चांगल्या आहेत, पण त्यांनी स्पष्टच सांगितलं. लोक एक दिवसासाठी येतात, त्यांना पुढचा शनिवार नसतो. एक फेब्रुवारीच्या वर्गाला त्या स्वतः येऊन बसणार. त्या दिवशी कच्चे निघाले, तर लोक दुसऱ्या घरी पाठवणार. ओतिलिया, हा वर्ग गेला तर मी बाहेर कामाला जाऊ शकत नाही. आईला एकटं सोडून जायचं तरी कसं? हे घर शनिवारवर उभं आहे.

आई बरी आहे. स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसते. हानेके म्हणून हॉलंडची एक बाई दोनदा येऊन गेली, तिच्याशी आईचं जमतं.

आजी अशा वेळी काय करायची, तुला आठवत असेल तर कळव. मी थकले की मला आजीचा चेहरासुद्धा आठवत नाही.

फिदेलभाऊजींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस, एवढंच मागणं.

तुझी ताई,
रेमेदिओस


पुएब्ला,
१४ जानेवारी

ती. रेमेदिओसताईस ओतिलियाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी शिवणाच्या दुकानात मोठ्याने वाचून दाखवलं. शाळेचे गणवेश शिवता शिवता सात बायकांनी सात उपाय सांगितले. एकीने तर सांगितलं, की पातेल्याला सासूचं नाव द्यायचं आणि शिव्या घालायच्या, म्हणजे मनातला राग तिकडे निघून जातो. मी म्हटलं, की आमच्या ताईच्या तोंडून शिवी निघायची म्हणजे आधी बिशपची परवानगी लागेल.

आजी काय करायची, ते मला लख्ख आठवतं. केळीच्या पानाच्या पट्ट्या काढून पातेल्याच्या दोन्ही कानांना बांधायची, म्हणजे त्याला भांडण ऐकू येत नाही. मग परकराचा घोळ धरून त्याच्यासमोर नाचायची. तेव्हा तू नाच. आपल्या स्वतःच्या लग्नातसुद्धा तू नाचली नाहीस, आता पातेल्यासाठी नाच. कोन्चाला म्हणावं, टाळ्या वाजव.

ताई, एक विचारू? जी बाई एकदा तमाल शिकून गेली, ती पुन्हा तेच तमाल शिकायला का येते? आणि चार पानं तू पातेल्यावर लिहिलीस, आईवर मात्र दोन ओळी. पूर्वी उलटं असायचं. आईने किती घास खाल्ले, तेही तू लिहायचीस.

फिदेलची कंबर तशीच आहे. तो तुझी मुलांपेक्षा जास्त चौकशी करतो, कारण मुलं कुणाचीच करत नाहीत.

थोरलीची नजर धाकटीवर असू दे.

तुझी,
ओतिलिया


॥ सोलेदाद माउली प्रसन्न ॥

ओआहाका,
१९ जानेवारी

चि. सौ. ओतिलिया हिस आशीर्वाद. वि. वि.

नाचले. दार लावून नाचले. कोन्चाने खिडकीतून पाहिलं, आणि हसून हसून ती अंगणात खालीच बसली. पट्ट्याही बांधल्या. काल तमाल कच्चेच निघाले.

पण मधल्या शनिवारी, अकरा तारखेला, छान शिजले होते. त्या दिवशी हानेके समुद्रावर गेली होती. काल ती परतली आणि पीठ पुन्हा पांढरंच राहिलं. रागावलेलं माणूस कोण, हे कळायला सेकंडरी पास व्हावं लागत नाही. मीच आहे. पहिल्या पत्रात लिहिण्याचं धैर्य झालं नाही.

तू विचारलंस म्हणून सांगते. सर्व संतांच्या सणापासून आईने मला नावाने हाक मारलेली नाही. ती मला कामाची बाई समजते. फार चांगली वागते माझ्याशी, तक्रार नाही. न्हाऊ घातलं की म्हणते, की बाई, देव तुमचं भलं करो, तुम्ही आमच्याकडे किती वर्षं आहात? मी म्हणते, पुष्कळ झाली. मग ती विचारते, की आमची ओतिलिया कधी येणार. रोज. सकाळी चॉकलेट पिताना एकदा आणि दिवे लागले की एकदा.

तर डिसेंबरात ही हानेके आली. पन्नाशीची, तुझ्याच बांध्याची, तशीच वेणी. आईने तिला पाहिलं आणि तिचा हात धरून म्हणाली, की आलीस गं ओतिलिया, किती उशीर केलास. त्या बाईला मोडकंतोडकं स्पॅनिश येतं. तिला काय वाटलं कोण जाणे, ती म्हणाली, हो आई. आणि ओतिलिया, जी आई कित्येक महिने त्या ठरलेल्या दोन-चार वाक्यांपलीकडे बोलली नव्हती, ती शिकवायला लागली. पान किती शेकायचं, पीठ बोटाने कसं सारायचं, मोले कडेला का येऊ द्यायचा नाही. मला जे सांगितलं नव्हतं तेही. मी तिथेच पाट्यावर वाटत होते. मी फक्त वाटत होते.

मला त्या बाईचा राग आला. मग रात्री जपमाळ घेतली तेव्हा कळलं, की तिचा नाही. तुझा. इथून पुएब्ला पाच तासांची बस. अडीच वर्षांत तुला एक रविवार सापडला नाही. ज्या ऑगस्टात येणार म्हणून लिहिलंस, तेव्हा मी गादी उन्हात घातली, आणि तुझा निरोप आला की ताप आहे. मी इथे तिचं सगळं करते, आणि नाव तुझं घेतलं जातं. तू न येताही लाडकी, मी असूनही कामवाली.

पाद्रीबाबांजवळ कबुली दिली. त्यांनी दहा प्रार्थना सांगितल्या आणि म्हणाले, की राग बहिणीलाच सांग, मला सांगून काय होणार. म्हणून सांगितला. फाडून टाकायचं तर फाड.

यापुढे माया ठेवायची की नाही, ते तूच ठरव.

रेमेदिओस


पुएब्ला,
२४ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

फाडलं नाही. दुकानात वाचूनही दाखवलं नाही.

ऑगस्टात मला ताप नव्हता. मी आले होते. तू बाजारात गेली होतीस बहुतेक, मंगळवार होता. मी दार वाजवलं. आईने साखळी न काढता फटीतून पाहिलं. माझ्या हातात रताळ्याच्या वड्यांची पेटी होती. ती म्हणाली, की आम्हाला काही घ्यायचं नाही, मालकीणबाई बाहेर गेल्या आहेत. मी म्हटलं, आई, मी ओतिलिया. तर म्हणाली, की माझ्या मुलीचं नाव घेऊन फसवायला येता, लाज नाही वाटत? आणि दार लावलं. मी बराच वेळ समोरच्या पायरीवर बसले होते. मग बसस्टँडवर गेले. वड्या ड्रायव्हरला देऊन टाकल्या.

तुला काय लिहिणार होते? तू तिच्याबरोबर रोज राहतेस, आणि मी एका दारावरून पळून आले. ताप सोपा वाटला.

तेव्हा ताई, जी लाडकी ओतिलिया तुझ्या स्वयंपाकघरात बसते, ती मी नव्हे. मला ती भेटलेलीच नाही.

एक तारखेला मालकाने सुट्टी दिली आहे. पहाटेच्या बसने येते, पावणेचारच्या बसने परत, रविवारी ऑर्डर द्यायची आहे. ग्रासिएलाबाईंच्या यादीत माझं नाव शिकणाऱ्यांत घाल. मुलगी म्हणून आत यायची मला छाती नाही. ॲप्रन माझा मी आणीन.

रागावलीस तरी दार उघड.

ओतिलिया


॥ सोलेदाद माउली प्रसन्न ॥

ओआहाका,
३ फेब्रुवारी

चि. सौ. ओतिलिया हिस ताईचे पुष्कळ आशीर्वाद. वि. वि.

तू पातेलं उघडायच्या आत निघून गेलीस. न सांगता. मी मिरच्यांचे हात धुऊन आले तर ॲप्रन खुंटीला आणि तू नाहीस. तेव्हा पुढचं तुला माहीत नाही, ते लिहिते. अंग अजून दुखतं आहे, अक्षर गोड मानून घे.

तो अमेरिकन म्हातारा तुझ्याबद्दल विचारत होता, की ती पुएब्लाची बाई कुठे गेली. तू त्याला म्हणालीस ना, की पुएब्लात तमाल करतात पण वाईट करतात म्हणून शिकायला आले? त्याने वहीत लिहून घेतलं आहे. आता तो हे देशभर सांगत फिरेल.

तू बाकाच्या टोकाला बसली होतीस. आई हानेकेचा हात धरून तिला ओतिलिया, ओतिलिया करत होती, आणि तुला म्हणाली, की अहो बाई, पातळ सारवा, भिंतीला चुना नाही लावायचा. तू मान खाली घालून पातळ सारवलंस. मी पाट्यावरून पाहत होते. इतके दिवस मला वाटायचं की माझ्या वाट्याचं जे होतं ते आई तुला देते. ते तुलाही मिळत नव्हतं, गं. ते कुणालाच मिळत नव्हतं.

तू गेल्यावर मी पातेल्यासमोर बसले आणि सवयीने राग शोधला. हानेकेवर शोधला. ती शब्दकोश घेऊन माझ्याजवळ आली होती, एकेक शब्द शोधून विचारत होती, की मी तुमचं काही घेतलं का, घेतलं असेल तर पुन्हा येत नाही. तिची आई गेल्या वसंतात गेली म्हणे, शेवटी तीही हिला ओळखत नव्हती. तिला मी म्हटलं, की बसा, पान शेका, आठवडाभर आहात तोवर ओतिलिया व्हा. मग तुझ्यावर शोधला. खरं सांगते, राग करायलाही अंगात बळ लागतं, ते उरलंच नव्हतं. नुसती थकून बसले होते.

सव्वाचारला झाकण काढलं. शिजले. पान सोडवलं की सुटून येत होते, कडा चकचकीत. ग्रासिएलाबाईंनी दोन खाल्ले आणि चार बांधून घेतले. ईस्टरपर्यंत दर शनिवारी आठ माणसं पाठवते म्हणाल्या. काल गल्लीलाही वाढले, सत्त्याऐंशी संपले, शेवटचे दोन कोन्चाच्या नवऱ्याने नेले आणि त्या दोघांचं म्हणे कालपासून भांडण नाही. बघू किती दिवस.

पण लिहायचं ते वेगळंच आहे. शनिवारी सगळे जेवत असताना आईने बाकाच्या टोकाकडे पाहिलं. तिथली ताटली पालथीच होती. मला विचारलं, की ती चुना लावणारी बाई कुठे आहे. मी म्हटलं, तिची बस होती, गेली. आई इतकी चिडली म्हणून सांगू! हातातला काटा आपटला. म्हणाली, की पातेलं उतरायच्या आत घरातून माणूस उपाशी गेलं आणि तू पाहत राहिलीस? तुला हेच वळण लावलं का मी, रेमेदिओस?

आठ परदेशी लोकांसमोर मला बोलणी बसली. मी काटा उचलला आणि चुलीकडे तोंड करून उभी राहिले. हानेकेने माझ्या वाटचं वाढलं.

संध्याकाळी पुन्हा मी बाईच झाले होते. देव तुमचं भलं करो, म्हणाली.

तर शनिवारी ये. पुढच्या जमलं नाही तर त्याच्या पुढच्या. ती तुला ओळखणार नाही, सारवणावरून बोलेल, आणि मी तुझ्या बाजूने एक शब्द बोलणार नाही, कारण तू खरंच जाड सारवतेस. पण या वेळी रात्रीची बस धर. तू जेवून गेली नाहीस, तर बोलणी मला बसतात.

वाट पाहणारी तुझी ताई,
रेमेदिओस