मिळकत म्हणजे घर नव्हे

४ जून
चि. टिंगू,
अनेक आशीर्वाद.
तुमच्या सांख्यिकी खात्याचं पाकीट माझ्या सोफ्यांच्या दुकानात येऊन धडकलं. तिघा कारागिरांना किती देता, स्वतः किती घेता, सगळं लिहा, नाहीतर दंड! भाची खात्यात असून मामाला दंड, शोभतं का? नाव हळूच काढून टाक बघू.
खरं सांगू? धंदा थंड आहे. कारागिरांना पूर्ण देतो, स्वतः काही महिने काहीच घेत नाही. घरखर्च माझ्या साठवणीतून चालतो. मामीला वाटतं, पगारच आहे. तिच्यापुढे ब्र काढू नकोस.
लोभ आहेच, नाव काढलंस तर वाढेल.
तुझा मामा

९ जून
ती. मामा,
सा. न.
नाव नाही काढता येणार, सॉरी! कम्प्युटरने रँडम दुकानं उचललीत. सगळ्यांचे मामा वगळले तर सर्व्हे कुणाचा करायचा? उत्तर देणं कायद्याने भाग आहे. पण तोच कायदा आम्हालाही बांधतो. तुझा आकडा टॅक्सवाल्यांना नाही, बँकेला नाही, मामीला तर नाहीच. छापताना सगळ्या दुकानांची बेरीज असते, तू त्यात विरघळून जातोस. आपलं नातं साहेबांना सांगून तुझं दुकान मी दुसऱ्या टेबलावर दिलंय. माझ्याकडून काही फुटलं तर नोकरी जाईल, वर केस. आणि मला ही नोकरी जाम आवडते, मामा! भर ना प्लीज.
फॉर्मवर 'अर्निंग्ज'ला मराठी शब्द मी शोधलाय, बरं का!
रुसू नकोस.
तुझीच टिंगू

१५ जून
चि. टिंगू,
आशीर्वाद.
यांच्या शर्टाच्या खिशात तुमचा फॉर्म सापडला. 'एकूण मिळकत' एवढंच वाचलं आणि घराचीच शंका आली. हे हल्ली धड झोपत नाहीत. घर गहाण टाकलंय का गं? घराचे कागद मी पिठाच्या डब्यात लपवलेत. यांनी काय कळवलंय ते मला सांग. तुला लहानाची मोठी केली मी, मला नाही म्हणशील?
वाट बघते.
तुझी मामी

१९ जून
ती. मामी,
सा. न.
नाही म्हणतेय गं, आणि रडू येतंय. कुणी काय लिहिलं ते कुणालाच सांगायचं नाही, अशी शपथ घेतलीय मी. ती तुझ्यासाठी वेगळी नाही.
पण कोऱ्या फॉर्मबद्दल बोलू शकते. त्यात घराचा प्रश्नच नाही, फक्त पगाराचा आहे! डिक्शनरीत 'मिळकत' म्हणजे कमाई होतं. घरदारालाही मिळकत म्हणतात, हे या इंग्लिश मीडियमवालीला कुठे ठाऊक! घर कशाला विचारता म्हणून लोकांचे फोनवर फोन येतायत. साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं.
बाकीचं मामालाच विचार. ओरड, पण माया पातळ करू नकोस.
तुझीच टिंगू

२६ जून
चि. टिंगू,
अनेक आशीर्वाद.
मामीने तुझं पत्र माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, पोरगी शपथेला बांधलेली आहे, तुम्ही कशाला बांधलेले आहात? मग सांगून टाकलं. भडकली. पैशांवरून नाही, एकटा कुढत बसलो म्हणून. अबोला धरला. आणि आज सकाळी सरळ दुकानात येऊन शिलाई मशीनवर बसली. म्हणते, कव्हरं बाहेर शिवायला देता ती मी शिवणार, आणि पगार घेणार. कारागीर खूश.
आता फॉर्म भरायला घेतलाय. अर्धा दिवस काम करणाऱ्या आणि पूर्ण दिवस मालकाला झापणाऱ्या बाईला कुठल्या रकान्यात घालू? एवढं सांगायला तरी कायद्याची हरकत नसावी.
तुझा मामा